मात्राशितीय अध्यायाच्या प्रकाशात मॅकरोनी-चीज

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचवा अध्याय ‘मात्राशितीय’ या नावाने आपणां सर्वांस परिचित आहे. आहाराची मात्रा अग्निबलावर ठरते. गुरु द्रव्ये पूर्ण तृप्ती होईपर्यंत खाऊ नयेत. लघु द्रव्यांचेही अतिसौहित्य टाळावे. पिष्टमय गुरु पदार्थ जेवण झाल्यावर कधीही खाऊ नयेत आणि भूक असतानाही मात्रेतच खावेत. कूर्चिका व किलाट यांचे नित्य सेवन करू नये. हे सर्व उपदेश त्या एकाच अध्यायाच्या प्रारंभी थोड्या थोड्या अंतराने येतात. प्रस्तुत लेखासाठी आम्ही जो पदार्थ निवडला आहे त्यात पिष्ट आहे, किलाटवर्गात बसणारे द्रव्य आहे, आणि तो बहुधा पोट तुडुंब भरेपर्यंत खाल्ला जातो. या अध्यायाची उजळणी करण्यास याहून सोयीचे उदाहरण आम्हांस आढळले नाही.

मॅकरोनी-चीज हा पदार्थ आपल्या मातीतला नाही. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेला आणि तिथे घरोघरी रुजलेला हा पदार्थ आहे. तरीही महाराष्ट्रातील वैद्यांना त्याची ओळख असणे आता अगत्याचे झाले आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झालेली कुटुंबे प्रत्येक वैद्याच्या परिचयाची असतात. आजी-आजोबा सहा-सहा महिने तिकडे राहून येतात, नातवंडांचे खाणे पाहतात आणि काळजीने इथल्या वैद्याला विचारतात. या प्रश्नाला आपले नेहमीचे उत्तर ‘बंद करा’ असे असते. ते देण्यास सोपे आहे, परंतु पाळले जात नाही. मूल शाळेत खाते, मित्राच्या घरी खाते, आणि वैद्याचे नाव काढताच तोंड फिरवते. अशा वेळी एका पदार्थाबरोबर उरलेले सर्व पथ्यही हातचे जाते. निषेध कुठे करावा आणि मात्रा व संस्कार यांनी काम कुठे साधावे, याचा विवेक म्हणूनच आवश्यक ठरतो.

पदार्थाचा परिचय

ड्युरम जातीच्या कठीण गव्हाच्या रव्यापासून केलेली आखूड, पोकळ, किंचित वाकलेली नळी म्हणजे मॅकरोनी. ड्युरम म्हणजे आपल्याकडे ज्याला बन्सी म्हणतात तो गहू. ही मॅकरोनी उकडून, लोणी, मैदा व दूध यांच्या दाट रसात चीज वितळवून त्यात घालतात आणि वरचा थर खरपूस होईपर्यंत ओव्हनमध्ये भाजतात.

एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज बाईंच्या १७६९ साली प्रसिद्ध झालेल्या पाकपुस्तकात मॅकरोनी व पार्मेसान चीज यांची कृती आहे. अमेरिकेत १८०२ साली राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडील भोजनात मॅकरोनीचा पदार्थ वाढला गेल्याची नोंद एका पाहुण्याने करून ठेवली आहे. जेफरसन यांच्या दास्यात असलेले जेम्स हेमिंग्ज हे आचारी फ्रान्समध्ये पाककला शिकून आले होते. अमेरिकेतील अशा पदार्थांच्या प्रसाराचे श्रेय त्यांच्यासारख्या गुलाम आचाऱ्यांना देणे न्याय्य होईल. मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ च्या पुस्तकात मॅकरोनी, चीज व लोणी यांचे थर देऊन भाजण्याची कृती सापडते. त्या काळी हा सधन घरातला, प्रसंगविशेषी होणारा पदार्थ होता. आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांत आजही थँक्सगिव्हिंगच्या भोजनात त्याला मानाचे स्थान आहे.

पुढे १९३७ साली, आर्थिक मंदीच्या दिवसांत, क्राफ्ट कंपनीने सुकी मॅकरोनी व चीजची भुकटी एका खोक्यात घालून १९ सेंट किमतीला विक्रीस आणली. चार माणसांचे जेवण एका खोक्यात, असा तिचा प्रचार होता. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईच्या काळात या खोक्याचा खप वाढला. सणाचा पदार्थ नित्याचा झाला तो इथून. किमतीचा व सोयीचा इतिहास म्हणून ही घटना सांगितली जाते; वैद्याच्या दृष्टीने मात्र ती सेवनाच्या पद्धतीतील पालट आहे. वर्षातून चार वेळा खाल्ले जाणारे गुरु अन्न आठवड्यातून चार वेळा खाल्ले जाऊ लागले. चरकाचार्यांनी किलाटाच्या शीलनाचा, म्हणजे सवयीचा, निषेध केला आहे, हे इथे ध्यानात घ्यावे. त्याच संहितेत सत्ताविसाव्या अध्यायात किलाटाचे गुणही सांगितले आहेत. प्रदीप्त अग्नीच्या व निद्रानाश असलेल्या व्यक्तींना ते सुखकर, तर्पण, बृंहण, वृष्य व वातहर म्हटले आहे. जे द्रव्य एका ठिकाणी वर्णिले आणि दुसऱ्या ठिकाणी नित्य सेवनास वर्ज्य केले, त्याचा भेद मात्रा, अग्नी व वारंवारता यांतच शोधावा लागतो.

द्रव्यविचार

मॅकरोनीचा शास्त्रातील जवळचा नातेवाईक म्हणजे भावप्रकाशातील सेविका, आपल्या शेवया. गव्हाच्या पिठाच्या बारीक वाती करून, वाळवून, दुधात शिजवून, तूप-साखरेसह खाण्याची ती कृती आहे. तिला तर्पणी, बल्य, गुरु, ग्राही व रुचिकर म्हणून लगेच अतिमात्रेत न खाण्याची सूचना भावमिश्रांनी दिली आहे. म्हणजे वाळवलेले गव्हाचे पिष्ट दुधात घालून खाणे आपणांस नवीन नाही. ते रुचकर असल्यामुळे हात थांबत नाही, ही गोष्टही जुनीच आहे.

चीजला किलाट म्हणावे काय, हा प्रश्न चर्चासत्रांतून वारंवार निघतो. भावप्रकाशानुसार नासलेल्या दुधाचा शिजवून झालेला पिंड म्हणजे किलाट. चीजसाठी दुधात जिवाणूंचे विरजण घालतात, रेनेट या द्रव्याने ते गोठवतात, निवळी काढून टाकतात, मीठ घालतात, दाबतात आणि आठवडे, महिने किंवा वर्षभर मुरू देतात. म्हणजे किलाटाच्या गुरुत्वावर आणि अभिष्यंदित्वावर लवण व अम्ल यांची भर पडते. आमच्या मते चीज हे किलाटवर्गीय समजावे, परंतु किलाटाहून लवणाधिक व पित्तकर मानावे. त्याचे गुणधर्म पनीरवरून अनुमानू नयेत. पनीर ताजे असते, त्यात मुरवण नसते व मीठही बहुधा नसते.

शाकाहारी कुटुंबांसाठी एक गोष्ट इथेच नोंदवतो. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून मिळवतात. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेटही असते. भारतात वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याने काम भागते. अमेरिकेत तशी खूण नसल्याने घटकांची यादी वाचावी लागते. पार्मेसान नावाने मिळणारे अस्सल इटालियन चीज वासराच्या रेनेटचेच असते. आजींना हे आधीच सांगितलेले बरे.

अमेरिकन घरांतील भरगच्च कृती साधारणतः अशी असते: मॅकरोनी ४५० ग्रॅम, चेडर चीज तितकेच, लोणी ६० ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम आणि साय न काढलेले दूध १ लिटर. याचे आठ वाटे केले तरी प्रत्येक वाट्यात सुमारे ५७५ उष्मांक व ३० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश येतो. आणि आठ वाटे क्वचितच होतात. भांडे मेजाच्या मधोमध असते. चौघे जण बसतात आणि ते रिकामे करूनच उठतात.

विरुद्धाहाराचा प्रश्न

दूध व लवण एकत्र आले की वैद्य ‘विरुद्ध’ म्हणून मोकळे होतात. या मुद्द्यावर विमानस्थानाचा पहिला अध्याय पुन्हा वाचावा, अशी आमची विनंती आहे. पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात वापरू नयेत असे सांगताना तिथे बाह्लीक, सौराष्ट्र, सैंधव व सौवीर या देशांच्या लोकांचा उल्लेख येतो. ते दुधाबरोबरही मीठ खातात असे म्हटले आहे, आणि सततच्या लवणसेवनाने ग्लानी, मांस-शोणिताचे शैथिल्य, क्लेश सहन न होणे असे परिणाम वर्णिले आहेत. चीजच्या रसात मॅकरोनी बुडवणाऱ्या देशाचे वर्णन वाचतो आहोत की काय, असे क्षणभर वाटते. परंतु त्यानंतर आचार्य जे सांगतात ते अधिक महत्त्वाचे आहे. ज्यांना असे द्रव्य सात्म्य झाले आहे त्यांनी त्यापासून क्रमाने दूर व्हावे, हे श्रेयस्कर, असा तो उपदेश आहे. एका दिवसात तोडावे, असे तिथे म्हटलेले नाही.

सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात विरुद्धाहार कोणाला बाधत नाही हेही सांगितले आहे. सात्म्य झालेल्याला, अल्प मात्रेत घेणाऱ्याला, दीप्ताग्नीला, तरुणाला, स्निग्ध व व्यायामाने बलवान झालेल्याला तो निष्प्रभ ठरतो. याचा अर्थ विरुद्धाहार पथ्यकर होतो असा नव्हे. ज्याला त्वग्विकार, श्वित्र, शीतपित्त किंवा जुनाट प्रतिश्याय आहे त्याला हा पदार्थ आम्ही निश्चितपणे वर्ज्य सांगतो, तिथे सवलत नाही. परंतु निरोगी, मैदानावर दोन तास धावणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला पंधरा दिवसांतून एकदा वाटीभर खाल्ल्याबद्दल कुष्ठाची भीती घालणे हा शास्त्राचा आधार नसलेला धाक आहे.

संस्कार : हलकी कृती

गुरु द्रव्य संस्काराने लघु होते आणि लघु द्रव्य गुरु होते, हे सत्ताविसाव्या अध्यायात व्रीहीपासून होणाऱ्या लाह्या आणि सक्तूचे शिजवलेले गोळे या दोन उदाहरणांनी सांगितले आहे. भाताच्या लाह्या हलक्या, सातूच्या पिठाचे गोळे जड. याच न्यायाने पुढील कृती आम्ही ठरवली आहे. ती चार प्रौढांसाठी आहे.

कोरडी मॅकरोनी १६० ग्रॅम घ्यावी, म्हणजे माणशी ४० ग्रॅम, साधारण एक मूठ. फ्लॉवर ३०० ग्रॅम, मॅकरोनीएवढेच बारीक तुरे करून. दुहेरी टोन्ड किंवा तिकडे १ किंवा २ टक्के स्निग्धांशाचे मिळते ते दूध ४०० मिलिलिटर. लोणी किंवा तूप दोन लहान चमचे, मैदा दोन मोठे चमचे. चांगले मुरलेले, तीव्र चवीचे चेडर १०० ग्रॅम. मोहरीची पूड अर्धा लहान चमचा, मिरपूड, चिमूटभर जायफळ. वर पसरायला पावाचा चुरा मूठभर.

फ्लॉवर वाफवून पूर्ण मऊ करावा. मॅकरोनी भरपूर पाण्यात, मीठ न घालता, वेष्टनावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी शिजवून निथळावी. राहिलेले शिजणे ओव्हनमध्ये पुरे होते. अर्धकच्ची मॅकरोनी खाण्याची तिकडे रीत आहे आणि तशी खाल्ल्यास रक्तातील साखर तुलनेने सावकाश वाढते हेही खरे. तथापि मंदाग्नी रुग्णासाठी आम्ही सुपक्वच सांगतो. तुपात मैदा मंद आचेवर दोन मिनिटे परतावा, रंग बदलू देऊ नये. कोमट दूध थोडे थोडे घालून सतत ढवळत उकळी आणावी. पळीच्या पाठीवर थर राहू लागला की भांडे खाली उतरवावे आणि मगच किसलेले चीज घालावे. आचेवर ठेवून चीज उकळल्यास त्यातील स्नेह सुटतो, रस फाटतो, आणि मग तो सावरण्यासाठी आणखी चीज घालण्याचा मोह होतो. चीजचा पाचवा भाग बाजूला ठेवून वर भुरभुरावा. जिभेला प्रथम लागते तो वरचा थर असतो; तिथे चीज असले की आत कमी असल्याचे सहसा जाणवत नाही. १९० अंश सेल्सिअसवर वीस मिनिटे भाजावे.

सौम्य चीज स्वस्त मिळते, परंतु चव येण्यासाठी ते दुप्पट लागते. म्हणून मुरलेले चीज. कमी स्निग्धांशाचे म्हणून विकले जाणारे चीज आम्ही सुचवत नाही. ते नीट वितळत नाही आणि समाधानही देत नाही. असमाधानी माणूस दुसरा वाटा मागतो.

मोहरी, मिरपूड व जायफळ ही आमची भर नव्हे. मोहरीची पूड अनेक अमेरिकन कृतींत पूर्वीपासून आहे, आणि पांढऱ्या रसात जायफळ किसण्याची रीत युरोपातून आलेली आहे. गुरु, अभिष्यंदी पदार्थात कटु-उष्ण, दीपन-पाचन द्रव्य घालावे हे तिथल्या गृहिणींनाही अनुभवाने उमगले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. वैद्याने नवे चूर्ण मिसळून चव बिघडवण्यापेक्षा हीच द्रव्ये न विसरता घालायला सांगावीत. फ्लॉवर ज्यांना वातकर होतो त्यांनी त्याऐवजी लाल भोपळा वाफवून, घोटून रसात मिसळावा. रंगही चीजचाच वाटतो.

या कृतीत प्रत्येक वाट्याला सुमारे ३६० उष्मांक, १२ ते १३ ग्रॅम स्निग्धांश व १७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. वाटा साधारण २५० ते २७५ ग्रॅम भरतो, म्हणजे पान रिकामे दिसत नाही. वरून मीठ न घातल्यास चीज, दूध व पावाचा चुरा मिळून माणशी पाऊण ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे, हे लक्षात घेता ही बाब उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला महत्त्वाची वाटावी.

मात्रा : सर्वग्रह व परिग्रह

आहारविधीच्या आठ आयतनांपैकी राशी हे आयतन शिकवताना आपण सर्वग्रह व परिग्रह या दोन संज्ञा पाठ करून पुढे जातो. एकूण आहाराची राशी म्हणजे सर्वग्रह आणि त्यातील एकेका द्रव्याची राशी म्हणजे परिग्रह. वरील कृतीने केवळ परिग्रह बदलला. चीज घटले, मॅकरोनी घटली, भाजी आली. सर्वग्रहाला तिने हात लावलेला नाही. हलकी म्हणून केलेली मॅकरोनी दोन वाटे खाल्ली की उष्मांक सातशेच्या वर जातात, आणि मूळ भरगच्च पदार्थाचा एक वाटा बरा होता असे म्हणायची पाळी येते. ‘हलके आहे, खा’ या तीन शब्दांनी जितके नुकसान होते तितके चीजने होत नसावे. लघु द्रव्यांचेही अतिसौहित्य नको, हे वाक्य आचार्यांनी अशाच मनुष्यस्वभावाकडे पाहून घातले असावे.

सर्वग्रहासाठी आमचा उपाय भांड्याचा आहे. एका मोठ्या पात्रात न भाजता ३०० मिलिलिटरच्या चार काचेच्या वाट्यांत भाजावे. ज्याची वाटी त्याची. मेजावर मधोमध काही उरतच नाही, त्यामुळे ‘थोडे आणखी’ हा संवादच होत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी वाटी लहान घ्यावी, १८० ते २०० मिलिलिटरची, आणि ती काठोकाठ भरावी. मोठ्या वाटीत अर्धे दिलेले मुलाला कमी दिल्यासारखे वाटते. भरलेल्या लहान वाटीविषयी तक्रार येत नाही. घरात दोघेच असतील तर उरलेल्या दोन वाट्या जेवायला बसण्यापूर्वीच झाकून शीतकपाटात ठेवाव्यात व दुसऱ्या दिवशी संपवाव्यात. जेवण झाल्यावर ठेवू म्हटले की ठेवायला काही राहत नाही.

गुरु द्रव्याविषयी आचार्य त्रिभागसौहित्य किंवा अर्धसौहित्य सांगतात. त्रिभाग या पदाचा अर्थ लावण्यात मतभेद होऊ शकतो. अर्धसौहित्यात तो नाही. रुग्णाला म्हणून अर्धेच सांगावे. मॅकरोनीने अर्धी भूक भागेल, उरलेल्यासाठी गरम भाज्यांचे सार, वाफवलेल्या फरसबी किंवा ब्रोकोलीसारख्या भाज्या, किंवा घरी असेल तर मुगाचे कढण असावे. हे पदार्थ आधी घ्यावेत आणि मॅकरोनी नंतर, की उलट, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही गरम असावेत आणि भूक असताना खावेत. मात्र तळलेले कोंबडीचे मांस, पाव, बटाटा या सर्वांच्या जोडीला तोंडी लावणे म्हणून मॅकरोनी-चीज घेण्याची जी तिकडची रीत आहे, ती पिष्टमय पदार्थाविषयीच्या निषेधाच्या थेट विरुद्ध जाते. तिथे तडजोड सुचवू नये. मॅकरोनी खायची तर तेच जेवण. सोबत बर्फ घातलेले गोड पेय नको, कोमट पाणी घोट घोट घ्यावे.

मात्रा योग्य झाली की नाही हे विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायातील लक्षणांवरून ठरवता येते. कुक्षीवर दाब नाही, हृदयप्रदेशी अवरोध नाही, कुशी ताणल्यासारख्या वाटत नाहीत, उठणे-बसणे-चालणे-हसणे-बोलणे सुखाने होते. रुग्णाला ग्रॅम सांगून झाल्यावर हीही लक्षणे सांगावीत. आठवडाभरात तो स्वतःची वाटी ओळखू लागतो. काळाविषयी एक सोयीची बाब अशी की, अमेरिकन कुटुंबे सायंकाळी सहा-साडेसहालाच जेवतात. आपली मराठी कुटुंबे तिथेही आठ-नऊ वाजवतात. या एका बाबतीत तिथल्या रिवाजाचे अनुकरण करण्यास आम्ही आवर्जून सांगतो.

पादांशिक क्रम

आमच्या एका जुन्या रुग्ण बाई मुलीकडे न्यू जर्सीला जाणार होत्या. नऊ वर्षांचा नातू, वजन वयाच्या मानाने जास्त, वारंवार सर्दी, मलावष्टंभ. शाळेतून आला की खोक्यातील मॅकरोनी-चीज, आठवड्यातून चार-पाच दिवस. “डॉक्टर, नको म्हटलं तर तो जेवतच नाही हो,” हे त्यांचे म्हणणे. त्यांची मुलगी नोकरी करणारी, रोज रस घोटत बसणे तिला शक्य नाही. त्यांना आम्ही सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रम समजावून सांगितला. अहिताची सवय चतुर्थांशाने घटवावी, हिताची चतुर्थांशाने वाढवावी. मधल्या दिवसांच्या मोजणीविषयी टीकाकारांचा ऊहापोह आहे. मुलांच्या बाबतीत आम्ही प्रत्येक पायरी आठवडाभर ठेवतो.

पहिल्या आठवड्यात खोके तेच ठेवले, परंतु तीन भाग मॅकरोनी व एक भाग बारीक वाफवलेला फ्लॉवर, आणि चीजच्या भुकटीची पुडी पाऊणच घालायची. दुसऱ्या आठवड्यात पुडी अर्धी. तिसऱ्या आठवड्यात अर्धा फ्लॉवर. इथे मुलाने ओळखले व वाटी सरकवली. तेव्हा ठरल्याप्रमाणे पुन्हा एक पायरी मागे येऊन आणखी आठवडाभर तिथेच थांबले. चौथ्या पायरीला खोके बंद करून शनिवारी घरची कृती केली, मुलाकडूनच चीज किसून घेतले आणि वाटीवर त्याच्या नावाची चिठ्ठी लावली. इतर दिवशीचे मधले खाणे आजींनी धिरडी, उपमा, फळे यांवर आणले. चार महिन्यांनी मॅकरोनी आठवड्यातून एकदाच उरली होती. मलावष्टंभ गेला, सर्दीची वारंवारता कमी झाली. त्याच काळात मुलाचे पोहणेही सुरू झाले होते, त्यामुळे सर्व श्रेय आहाराला देता येणार नाही. परंतु त्या घरात पथ्यावरून रोज होणारे रडणे थांबले, ही गोष्ट त्या बाईंनी वजनाच्या आकड्याआधी सांगितली.

वर्ज्य व सावधानता

गव्हातील ग्लुटेन ज्यांना बाधते अशा सीलिअॅक रुग्णांना ही मॅकरोनी कोणत्याही मात्रेत देऊ नये. तिथे अल्पतेचा न्याय लागू होत नाही. दूध न पचणाऱ्यांना मुरलेले चीज त्यामानाने सोसते, परंतु या कृतीत दूधही आहे. आमवात, ग्रहणी, तमकश्वास व साम अवस्थेतील कोणत्याही रुग्णाला निषेध करावा. वृक्कविकाराच्या रुग्णांनी प्रक्रिया केलेले चीज विशेषतः टाळावे. ते एकजीव राहण्यासाठी त्यात अनेकदा फॉस्फेटचे क्षार घालतात. मधुमेही रुग्णाने मॅकरोनी मुठीच्या आतच ठेवून भाजी वाढवावी आणि त्या जेवणात भात-पोळी घेऊ नये. नैराश्यावरील एमएओ इनहिबिटर गटाची जुनी औषधे घेणाऱ्यांना मुरलेले चीज धोकादायक ठरू शकते, हे विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून विचारावे.

औषधालय-चालक बंधूंसाठी दोन गोष्टी. जड जेवणानंतर पोट फुगले म्हणून ग्राहक येतो आणि लवणभास्कर मागतो. या चूर्णात सामुद्र, सौवर्चल, बिड व सैंधव अशी लवणे आहेत. चीज खाऊन आलेल्या उच्च रक्तदाबाच्या, शोथाच्या किंवा वृक्कविकाराच्या रुग्णाला ते हातात देणे म्हणजे मिठावर मीठ होय. रक्तदाबाची गोळी चालू आहे काय, हा एक प्रश्न पुडी बांधण्यापूर्वी विचारावा. हिंग्वष्टकातही सैंधव आहे, परंतु त्याचा वाटा पुष्कळ कमी. त्यातही ते तुपासह पहिल्या घासाला घेण्याचे चूर्ण आहे, चुकलेल्या जेवणाची भरपाई म्हणून नव्हे. ज्याला केवळ जडत्व आहे त्याला सुंठीचे गरम पाणी व पुढचे जेवण भूक लागेपर्यंत न घेणे एवढे पुरते. त्यात विक्री होत नाही, हे आम्ही जाणतो.

दुसरी गोष्ट अशी की, चाळिशीपुढचा माणूस रात्रीच्या जड जेवणानंतर छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे सांगत असेल, तर त्याने स्वतः कितीही खात्रीने ‘गॅस झाला आहे’ म्हटले तरी कोणतेही चूर्ण देऊ नये. त्याला एकटे न सोडता लगेच हृदयालेखाची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.